ड्रिलवरचं सोनेरी कोटिंग सुपरकंडक्टर असतंय म्हणे, खरं हाय का?

कुपवाड_टूलरूम
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं शॉप हाय, दोन सीएनसी, एक व्हीएमसी आणि वडलांच्या काळातली एक लेथ. भाचा बीएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टी लागली की शॉपवर येऊन बसतंय आणि कामापेक्षा प्रश्नच जास्त. परवा नवीन ड्रिलचं पाकीट फोडलं, ते सोनेरी कोटिंगवालं, तर म्हणतंय मामा हे टायटॅनियम नायट्राईड, हे सुपरकंडक्टर हाय, ह्यातनं करंट गेला तर रेझिस्टन्स शून्य. मी म्हटलं लेका पंधरा वर्षं ह्याच ड्रिलनं भोकं पाडतोय, कधी काय सुपर दिसलं न्हाई मला. तर म्हणतंय लई थंड करावं लागतं.

आता माझी अडचण अशी की मला वाटायचं सुपरकंडक्टर म्हणजे तांब्यासारखं काहीतरी मऊ, भारी वायर. हे कोटिंग तर काचेवर ओढलं तर काच चिरतंय, सिरॅमिकच की एक प्रकारचं. कडक वस्तूतनं करंट एवढा सुखानं कसा जाईल? आणि कोटिंग जर तसलं असेल तर मग आतलं कार्बाईड, म्हणजे आपलं टंगस्टन कार्बाईडचं इन्सर्ट, टूलच्या टोकाला बसवायची कापणारी टिकली, ते पण हाय का? भाच्याला विचारलं तर हो म्हणला पण तोंडावरनं कळालं की त्यालाबी माहीत न्हाई.

अजून एक, गावाकडं कृत्रिम रेतन करणारा आमचा मित्र हाय, त्याच्या कंटेनरमध्ये लिक्विड नायट्रोजन असतंय. भाचा म्हणतोय त्यात ड्रिल बुडवून मीटर लावून बघू. बघू का? नुसता फुकटचा उद्योग नको म्हणून विचारतोय.

हळद_मार्केट
सोनेरी दिसतंय म्हणून सुपरकंडक्टर असेल तर यार्डातलं एक पोतं पाठवतो, मशिनला चोळा 😄

अजिंक्यतारा_सर
भाचा बरोबर आहे, ड्रिलपुरता तरी. मी साताऱ्यात कॉलेजला फिजिक्स शिकवतो, आणि खरं सांगतो की तुमच्या भाच्याला पाकीट बघून जे सुचलं ते आमच्या वर्गात सिलॅबस संपवून पण पोरांना सुचत नाही.

टायटॅनियम नायट्राईड साधारण साडेपाच केल्विनच्या खाली सुपरकंडक्टर होतं. म्हणजे उणे २६७ सेल्सिअसच्या आसपास. तेव्हा लिक्विड नायट्रोजनचा नाद सोडा, तो उकळतो ७७ केल्विनला म्हणजे उणे १९६ ला, तिथून अजून सत्तरेक अंश खाली जायचंय. त्यासाठी लिक्विड हीलियम लागतं, ४.२ केल्विनवालं, आणि ते काय रेतनवाल्याकडे मिळत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, की कडक वस्तू आणि करंट. इथं आपली गल्लत अशी होते की कडक म्हणजे चिनीमाती, आणि चिनीमाती म्हणजे इन्सुलेटर, असं डोक्यात बसलेलं असतं. पण ही नायट्राईड-कार्बाईड मंडळी वेगळ्याच जातीची आहेत, कडकपणा सिरॅमिकचा, वितळायला हजारो डिग्री लागतात, टँटॅलम कार्बाईड तर साडेतीन हजार डिग्रीच्या वर जाऊन वितळतं, आणि तरीही चमक आणि करंट धातूचा. चांगलं टायटॅनियम नायट्राईड हे साध्या टेम्परेचरला सुद्धा नुसत्या टायटॅनियम धातूपेक्षा चांगलं कंडक्टर आहे, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती. तुमच्या ड्रिलचा सोनेरी रंगसुद्धा त्यातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळेच आहे, धातूसारखाच.

हे आजचं पण नाही. बर्लिनमध्ये वाल्थर माइसनर १९३० च्या सुमारास असलीच कार्बाईडं थंड करून बघत होता, आणि नायोबियम कार्बाईड ११ केल्विनच्या आसपास सापडलं. हा तोच माइसनर, ज्याच्या नावाचा इफेक्ट आपण १९३३ म्हणून पाठ करतो आणि लोहचुंबक तरंगताना दाखवतो. पुढे १९४१ ला, ऐन युद्धात, जर्मनीतच नायोबियम नायट्राईड निघालं, १५-१६ केल्विनचं. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, कारण तेवढं तापमान लिक्विड हायड्रोजनवर पंप लावून सुद्धा गाठता येत होतं, हीलियमच पाहिजे असं नव्हतं. मग १९५३ ला मॅथियास नावाच्या माणसानं त्यात थोडा कार्बन मिसळून १७.८ पर्यंत नेलं. पुढच्याच वर्षी नायोबियम-टिनचं कंपाऊंड आलं १८ चं, आणि ह्या मंडळींचा पहिला नंबर गेला तो गेलाच.

आता मजा बघा. टायटॅनियम नायट्राईड सुपरकंडक्टर आहे, पण टायटॅनियम कार्बाईड नाही, १ केल्विनच्या आसपास नेलं तरी नाही. रचना दोघांची सेम, मिठाच्या खड्यासारखी, एक धातूचा अणू एक दुसरा, एक धातूचा एक दुसरा. मग फरक कशाचा? बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा. टायटॅनियमचे ४, कार्बनचे ४, झाले ८. नायट्रोजनचे ५, म्हणून टायटॅनियम नायट्राईडचे ९. पहिले आठ इलेक्ट्रॉन बाँड बांधण्यात खर्ची पडतात, नववा मोकळा सुटतो आणि खेळ सुरू होतो. झिर्कोनियम कार्बाईड ८, काही नाही. झिर्कोनियम नायट्राईड ९, १० केल्विन. हाफ्नियम कार्बाईड ८, काही नाही, हाफ्नियम नायट्राईड ९, पावणेनऊ-नऊ. नायोबियम कार्बाईड ५ आणि ४ नऊ, ११ केल्विन, नायोबियम नायट्राईड ५ आणि ५ दहा, १६. भाच्याला सांगा वहीत टेबल करायला.

आणि सुपरकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉन जोडी कशी लावतात ते त्याला शिकवलं असेलच, बीसीएस नावाची थिअरी, १९५७. मी वर्गात चाकोरीचं उदाहरण देतो. पावसाळ्यात काळ्या रानातनं उसाची बैलगाडी गेली की चाकोरी पडते, माती लगेच वर येत नाही, मागून येणारी गाडी आपोआप त्या चाकोरीत उतरते. इलेक्ट्रॉन गेला की जड धातूचे अणू किंचित त्याच्याकडे ओढले जातात, परत जायला वेळ लावतात, तेवढ्यात दुसरा इलेक्ट्रॉन तिथं ओढला जातो.

नदीकाठ_औदुंबर
एमआरआय मशीनमध्ये पण हेच नायोबियम नायट्राईड असतंय ना? मिरजेत काय मशीनला तोटा नाही, तिथं विचारायचं.

मिरज_स्कॅन
नाही ओ. मी एमआरआयवर टेक्निशियन आहे. आमच्या मॅग्नेटमध्ये नायोबियम-टायटॅनियम असतंय, नायट्राईड नाही, तो दोन धातूंचा मिश्रधातू आहे, तांब्यात घालून वायर ओढता येते. तो ९-१० केल्विनलाच सुपरकंडक्टर होतो, म्हणजे नायट्राईडपेक्षा कमीच, पण किलोमीटरनं वायर गुंडाळायची तर ती वाकली पाहिजे. नायट्राईडची वायर वाकवायला गेलात तर काटकी मोडल्यासारखी मोडणार. कंपनीचा इंजिनिअर सर्व्हिसला आला होता तेव्हा मी हेच विचारलं होतं की जास्त टेम्परेचरवालं का नाही वापरत, तर तो हसला नुसता.

जुन्या टाईपच्या मशीनमध्ये हजार-दीड हजार लिटर हीलियम असतंय. क्वेंच झाला, म्हणजे मॅग्नेटमधलं सुपरकंडक्टर अचानक साधं झालं, की ते सगळं उकळून पाईपमधनं छतावरनं बाहेर जातं, एका लिटरचा सातशे लिटरच्या वर गॅस होतो. आमच्याकडं एकदा झालाय, आवाज ऐकून खाली रिक्षावाले पळाले होते. तेव्हा भाच्याला म्हणावं ड्रिल घेऊन आमच्याकडं येऊ नको, लोखंडी वस्तू आत आणायची नसते, आणि हीलियम कुणाला वाटीभर काढून देत नसतात 🙏

दूध_संघ_डॉक्टर
रेतनाच्या कंटेनरबद्दल. त्यात सीमेनच्या स्ट्रॉ असतात आणि लेव्हल कमी झाली तर हजारो रुपयांचा माल जातो. तुमच्या मित्रानं एकदा ड्रिल बुडवू दिलं तरी रूम टेम्परेचरची वस्तू आत टाकली की नायट्रोजन उकळून उडतो. शिवाय बंद खोलीत खेळू नका, ऑक्सिजन कमी होतो आणि कळत पण नाही. एवढीच हौस असेल तर वायबीसीओ नावाच्या सुपरकंडक्टरची गोळी मिळते शाळा-कॉलेजच्या किटमध्ये, ती १९८७ वाली, ९० च्या वर केल्विनला सुपरकंडक्टर होते, तिला लिक्विड नायट्रोजन पुरतो.

कुपवाड_टूलरूम
रेतनाचा बेत कॅन्सल. भाचा हिरमुसलाय जरा.

सर, आठ-नऊचा हिशोब लई आवडला, पोरानं टेबल केलं पण आणि आता कोटिंगवाल्याचा कॅटलॉग घेऊन बसलंय. पण दोन शंका. एक, टंगस्टनचे ६ आणि कार्बनचे ४ म्हणजे १० झाले की, मग आमचं इन्सर्ट तर नायोबियम नायट्राईडच्या लायनीत बसलं पाहिजे? आणि क्रोमियम नायट्राईडचं कोटिंग पण येतंय, ते चंदेरी, त्याचे ६ आणि ५ अकरा, म्हणजे ते तर अजून भारी पाहिजे. दुसरी शंका, आमच्याकडं टायटॅनियम कार्बोनायट्राईडचं कोटिंग असतंय, निळसर करडं, ते साध्या सोनेरीपेक्षा कडक. त्यात कार्बन पण हाय आणि नायट्रोजन पण हाय. निम्मं निम्मं धरलं तर साडेआठ. साडेआठला काय होतंय?

थंड_फिल्म
सांगलीचीच आहे, सध्या पीएचडीसाठी बाहेर, नायोबियम नायट्राईडच्या पातळ फिल्म बनवणं हेच रोजचं काम, त्यामुळे हा धागा बघून डबा खाता खाता लिहायला बसले. दादा, तुमची साडेआठची शंका आमच्या कित्येक पेपरांपेक्षा चांगली आहे, तिच्यापासून सुरू करते.

१९९९ ला बर्कलेच्या लोकांनी, त्यात मार्विन कोहेन आणि स्टीव्हन लुई होते, नेमकं हेच हिशोबानं काढलं की ह्या कार्बोनायट्राईडांमध्ये कडकपणा सगळ्यात जास्त कधी. उत्तर आलं इलेक्ट्रॉन साधारण ८.४ असताना. म्हणजे तुमच्या निम्म्या-निम्म्या कोटिंगच्या अगदी शेजारी! कारण असं, की आठ आणि वर थोडेसे इलेक्ट्रॉन जिथं बसतात त्या जागा थराला थरावरनं सरकू देत नाहीत, आणि टूलचा कडकपणा म्हणजे शेवटी तेच, सरकणं रोखणं. त्याच्या पुढचे इलेक्ट्रॉन मात्र अशा जागी जाऊन बसतात की उलट सरकायला मदत होते. म्हणून नऊ-दहाकडे गेलं की कडकपणा उतरतो.

आणि गंमत अशी की सुपरकंडक्टरवाल्यांना नेमके तेच पुढचे इलेक्ट्रॉन पाहिजे असतात. तुम्ही ८.४ ला थांबता, आमचं दुकान नऊला उघडतं. तुम्हाला जाळी, म्हणजे अणूंची मांडणी, ताठ पाहिजे, आम्हाला ताठ पाहिजे पण कुठंतरी जरा लवलेली. हे मनचं सांगत नाही, १९७० च्या सुमारास अमेरिकेत ओक रिजला न्यूट्रॉन मारून टँटॅलम कार्बाईड आणि हाफ्नियम कार्बाईडच्या जाळीची थरथर मोजली होती. हाफ्नियमवाल्याचे, म्हणजे आठवाल्याचे, ग्राफ अगदी गुळगुळीत चढत गेलेले. टँटॅलमवाल्याचे, नऊ इलेक्ट्रॉन, १० केल्विनचा सुपरकंडक्टर, त्यात ठराविक ठिकाणी खळगे. त्या खळग्याच्या ठिकाणी जाळी मऊ पडते, म्हणजे इलेक्ट्रॉनचं आणि जाळीचं तिथं जास्त जमतं. सरांच्या भाषेत तिथं चाकोरी खोल पडते. पण सर, चाकोरीवर एक हरकत, त्यामुळे पोरांना वाटतं की दोन इलेक्ट्रॉन एकामागं एक चाललेत, तसं नसतं, जोडी पसरलेली असते. नायोबियम नायट्राईडमध्ये तो पसारा ५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जाळीची दहा-बारा घरं, आणि तेवढ्या जागेत दुसऱ्या कितीतरी जोड्या एकमेकींत मिसळलेल्या, वारीत दोन माणसं एकमेकांना धरून आहेत पण मध्ये शंभर माणसं आहेत तसं काहीतरी.

मग इलेक्ट्रॉन वाढवतच का न्यायचे नाहीत? कारण खळगा फार खोल झाला की जाळीच बसते. मॉलिब्डेनम नायट्राईड, ६ आणि ५ अकरा, ते जर मिठासारख्या रचनेत नीट बनलं तर २९ केल्विन मिळेल असं १९८१ ला गणितानं सांगितलं होतं. तेव्हापासून लोक करून बघतायत, पण ती रचना टिकतच नाही, मॉलिब्डेनम नायट्राईडला षटकोनी रचना आवडते आणि ती जाते १२-१५ पर्यंतच. नायोबियम नायट्राईडची आमची रचनासुद्धा तशी काठावरचीच, जरा परिस्थिती बदलली की दुसऱ्याच फेजमध्ये, म्हणजे वेगळ्या रचनेत, जाते आणि दिवस वाया.

टंगस्टन कार्बाईडचं तेच उत्तर. हिशोब दहाचा बरोबर, पण तुमच्या इन्सर्टमधलं टंगस्टन कार्बाईड मिठाच्या रचनेचं नाहीच, षटकोनी आहे, आणि ते सुपरकंडक्टर नाही. तेच जबरदस्तीनं मिठासारखं बनवलं, झटकन थंड करून वगैरे, तर १० केल्विनपर्यंत जातं. वर इन्सर्टमध्ये बाईंडर म्हणून कोबाल्ट असतो, तो चुंबकी, म्हणूनच इन्सर्टला लोहचुंबक हलका चिकटतो, करून बघा. चुंबकी धातू हा जोडी फोडणारा प्राणी. क्रोमियम नायट्राईड तर स्वतःच त्या वाटेला जातं, पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपासच त्यातले अणू-चुंबक आलटून पालटून उलटसुलट उभे राहतात, मग सुपरकंडक्टिव्हिटीचं नावच नको. व्हॅनेडियम नायट्राईड पण बघा सर, दहा इलेक्ट्रॉन असून नऊच केल्विनच्या आसपास अडकतं, चुंबकी कुरबुरीमुळेच. तेव्हा टेबल शिकवा पण खाली बारीक अक्षरात हे लिहा.

अजिंक्यतारा_सर
मॅडम, हरकत मान्य, पुढच्या वर्षी चाकोरी आणि वारी दोन्ही सांगेन. अकराचं मला माहीत नव्हतं.

भाच्यासाठी अजून एक, असल्या कंपाऊंडमध्ये आपलाही हात लागलेला आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटांच्या संशोधन संस्थेत, नागराजन, मुजुमदार, गुप्ता ह्या लोकांच्या ग्रुपनं १९९४ ला यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन ह्या चौकडीत १२ केल्विनची सुपरकंडक्टिव्हिटी छापली. निकेल असून! आत्ताच मॅडम म्हणाल्या ना चुंबकी धातू जोडी फोडतो, म्हणून तर लोक दचकले. त्याच सुमारास अमेरिकेत बेल लॅबवाले निकेलच्या जागी पॅलेडियम घालून २३ पर्यंत गेले. तिथं धातू-कार्बनच्या मिठासारख्या थरात मध्ये निकेल-बोरॉनचा थर सँडविचसारखा बसलेला असतो, म्हणजे आपल्याच खानदानातलं.

नदीकाठ_औदुंबर
वायर होत न्हाई, एमआरआयला चालत न्हाई, मग एवढा खटाटोप करून फिल्म बनवून करायचं काय?

थंड_फिल्म
काका, तिचं काम ताकदीचं नाही, कानाचं आहे. ४-५ नॅनोमीटर जाडीची फिल्म घेऊन तिच्यातनं शंभरेक नॅनोमीटर रुंदीची नागमोडी तार कोरायची, हीलियमच्या थंडीत ठेवून तिच्यातनं जेमतेम सोसेल एवढा करंट सोडायचा. मग प्रकाशाचा एकच कण पडला तरी तेवढ्या जागी जोड्या फुटतात, क्षणभर रेझिस्टन्स येतो, आणि टिक. २००१ ला मॉस्कोच्या लोकांनी पहिल्यांदा दाखवलं, आता क्वांटम कम्युनिकेशनवाले हेच वापरतात. २००९ ला उडालेल्या हर्शेल अवकाश दुर्बिणीत पण एका रिसीव्हरमध्ये नायोबियम नायट्राईडच होतं. आणि १९४० च्या दशकातच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला त्याची पट्टी इन्फ्रारेड पकडायला लावली होती, म्हणजे हा धंदा जुना आहे.

बनवायचं कसं तर तुमच्या कोटिंगवाल्यासारखंच थोडंफार. व्हॅक्यूममध्ये नायोबियमची थाळी, तिच्यावर आर्गनचा मारा, सोबत मोजून नायट्रोजन. नायट्रोजन कमी पडला की दुसरीच फेज, जास्त झाला की थाळीवरच नायट्राईडचं कातडं चढतं आणि रेट बसतो. मधली जी चिंचोळी गल्ली आहे ती रोज सकाळी जागा बदलते असं माझं मत आहे. जाळीत नायट्रोजन-कार्बनच्या जागा रिकाम्या राहिल्या तर काय होतं ते नायोबियम कार्बाईडमध्ये बघा, कार्बनच्या शंभर जागांपैकी वीसेक रिकाम्या राहिल्या की अकरावरून थेट दोन केल्विनच्या खाली.

कुपवाड_टूलरूम
मॅडम, म्हणजे आमच्या ड्रिलवरचं कोटिंग पण असंच कमीजास्त असणार. ते खरंच साडेपाचला होईल का?

थंड_फिल्म
कोटिंग चांगलं, नायट्रोजन भरपूर आणि ऑक्सिजन कमी शिरलेला असेल तर चार-पाचच्या आसपास होईल असं माझं अनुमान. खाली एचएसएसचं लोखंड आहे म्हणून लोक घाबरतात, पण कोटिंग दोन-तीन मायक्रॉन जाड असतं, लोखंडाचा थेट त्रास काही नॅनोमीटरपुरताच. खरी अडचण मोजायची. चुंबकी मापन केलं तर लोखंडाचाच सिग्नल सगळं झाकून टाकणार. करंट लावला तर वरनं पण जातो आणि खालच्या लोखंडातनं पण, स्टेप दिसेल पण घाण दिसेल.

त्यापेक्षा तुमच्या कोटिंगवाल्याला सांगा की पुढच्या बॅचला ड्रिलांसोबत एक इन्सुलेटर तुकडा ठेव. मी दिवाळीला घरी येणार आहे, परत जाताना न्यायला द्या, आमच्याकडं हीलियमचा रन लागला की एका कोपऱ्यात चिकटवते. साधी काच देऊ नका, कोटिंगच्या भट्टीत चार-पाचशे डिग्री असतं, वाकेल नाहीतर तडकेल.

कुपवाड_टूलरूम
सिरॅमिकचं इन्सर्ट चाललं का? कास्ट आयर्न टर्निंगला आणलेली, कोपरे संपलेली दहा-वीस पडल्यात ड्रॉवरला. वरनं सपाट हाय एकदम.

थंड_फिल्म
पांढरी का काळी?

कुपवाड_टूलरूम
दोन्ही हायत.

थंड_फिल्म
पांढरी द्या, ती अल्युमिनाची. काळ्यात टायटॅनियम कार्बाईड घातलेलं असतं, त्यातनं करंट जातो, परत तोच घोळ.

कुपवाड_टूलरूम
भाचा इथंच बसलाय, वाचून ओरडला, आठ! आठ! काळ्यातलं आठवालं, ते सुपरकंडक्टर होणार न्हाई पण करंट खाणार. चार पांढरी पुसून ठेवतो, कोटिंगवाल्याची गाडी गुरुवारी येतीय.